शिक्षकाने शब्द पुरवू नये

८ सप्टेंबर

आज ऑर्ड सरांनी स्पॅनिशच्या नव्या बोर्ड परीक्षेचा नमुना पेपर वाटला. तेव्हा जी माझी सटकली ती अजून जागेवर आलेली नाही.

गेलं वर्षभर "परीक्षा बदलणार, परीक्षा बदलणार" असं चाललंच होतं. पण बदलणार म्हणजे काय ते हातात कागद आल्यावरच कळतं. आमची पहिली तुकडी. नवीन औषध आधी उंदरांना देतात, तसे आम्ही. श्रुतलेखन आलंय, ते ठीक आहे. शब्दांची एक ठरावीक यादी आलीय, पेपरात त्याबाहेरचं काही येणार नाही. आणि तोंडी परीक्षेत एक उतारा मोठ्याने वाचायचा. पाच-सहा ओळी, जशा छापल्यात तशा, शब्दाला शब्द.

वर्ग खूश. माझी मैत्रीण अबीर तर बाकावर बुक्की मारून म्हणाली, "सोन्याहून पिवळं! समोर लिहिलेलं वाचायचं, ह्याला काय अक्कल लागते?" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओह."

ओह काय ओह.

म्हातारपणी ही वही मला सापडली आणि मी विसरले असेन तर, म्हणून लिहून ठेवते. मी, ब्रायोनी पॅलिस्टर, वय पंधरा, राहणार साउथ शील्ड्स, इंग्लंड, बोलताना अडखळते. काय बोलायचं ते मला पक्कं माहीत असतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. 'ब', 'प', 'ड', 'क' हे खास माझे दुश्मन. इथे वहीत मी माझं बोलणं सरळ लिहिणार आहे. अडखळ ज्याची त्याने मनात घालावी, ती माझ्याकडे भरपूर आहे आणि मला ती लिहीत बसायचा कंटाळा येतो.

यावर माझा एक उपाय आहे, तो मी कुणाला सांगितलेला नाही. अवघड शब्द समोर दिसला की मी आधीच वळते आणि त्याच अर्थाचा दुसरा घेते. इंग्रजीत सात वर्षांची असल्यापासून करतेय. स्पॅनिशमध्ये तर मी पहिल्या दिवसापासून एका वस्तूला तीन-तीन शब्द पाठ केले, एक अडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून. ऑर्ड सर पालकसभेत आईला सांगत होते, "तिच्याएवढा शब्दसाठा माझ्या बावीस वर्षांत कुणाचा नाही बघितला. तिला भाषेची गोडी आहे." गोडी कसली डोंबलाची! पळायला जागा लागते म्हणून गोळा केलेत ते शब्द.

आणि आता म्हणे छापलंय तेच वाचा. म्हणजे पळायची सगळी दारं बंद. ज्याने कुणी हे काढलं त्याच्या चहात सीगल हगो.

१९ सप्टेंबर

चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. बाईंनी विचारलं, "कुठली फ्रेम आवडली, पोरी?" मी तोंड उघडलं. आई म्हणाली, "काळी." मला काळी नको होती. आता माझा चष्मा काळा आहे.

आई वाईट नाही. ती केशकर्तनकार आहे, ओशन रोडवर तिचं तीन खुर्च्यांचं सलून आहे, आणि दिवसभर बोलणं हा तिचा निम्मा धंदा आहे. रिकामी जागा दिसली की तिथे शब्द भरायचा, हा तिच्या हातचा मळ. पण मी म्हणजे गिऱ्हाईक नाही ना.

६ ऑक्टोबर

मिसेस क्रॅम्प्टननी आईला आणि मला बोलावलं. ज्यांना काही अडचण आहे अशा मुलांचं त्या शाळेत बघतात. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा असतो आणि आपण बसलो की त्या तो हळूच आपल्याकडे सरकवतात. मी तो परत सरकवला.

"ब्रायोनी, आम्हाला तुझी फार काळजी आहे हं," त्या म्हणाल्या. "या नव्या वाचनाचं काय करायचं?"

मी विचारलं, वाचनापुरती सूट मिळते का. हे विचारायला मला बराच वेळ लागला आणि तेवढ्यात आईने ते दोनदा विचारून टाकलं.

नाही म्हणे. तुकड्यातुकड्याने सूट नसते. घ्यायची तर अख्ख्या तोंडी परीक्षेची घ्यायची. उरलेल्या तीन पेपरांवरून गुण काढतात आणि प्रमाणपत्रावर एक बारीकशी खूण येते.

"मग झालं तर!" आई म्हणाली. तिचे खांदे असे खाली आले की जणू कुणी तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या.

पण तोंडी परीक्षेत गप्पांचा भाग असतो! सर प्रश्न विचारतात आणि आपण मनातलं बोलायचं. मला तो भाग आवडतो. अख्ख्या शाळेत मला बोलायला आवडतं अशी ती एकच जागा आहे, आणि ह्या बाई ती काढून वर माझ्यासमोर टिश्यू ठेवतायत.

मी म्हटलं, "मला भ—"

"भीती वाटते, हो ना बाळा?"

मला भांडायचंय, असं म्हणायचं होतं मला.

शेवटी ठरलं ते असं की डिसेंबरात प्रिलिम होऊ दे, मग फेब्रुवारीत काय ते कळवायचं. निघताना मिसेस क्रॅम्प्टन आईला हळूच म्हणाल्या, "शाळेलाही निकालाचे आकडे बघावे लागतात हो." इतकं हळू नव्हतं ते. अडखळणाऱ्या माणसाला ऐकू कमी येतं असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

१० डिसेंबर

प्रिलिमची तोंडी झाली. आणि मी वाचलं! अख्खा उतारा, एकदाही न अडखळता, लोण्यातून सुरी जावी तसा. अबीर बाहेर दाराला कान लावून उभी होती. मी बाहेर आले तर ती मला उचलायला निघाली. तिची उंची पाच फूट. दोघी पडलो.

मिसेस क्रॅम्प्टन गेल्या उडत.

१२ डिसेंबर

मी स्वतः खड्डा खणला आणि स्वतःच त्यात नाचत गेले.

सरांनी मला तासानंतर थांबवलं. समोर उतारा ठेवला. त्यातल्या सहा शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"तू फार सुंदर वाचलंस, ब्रायोनी," ते म्हणाले. "फक्त तू जे वाचलंस ते या पानावर नव्हतं."

मला आधी कळेचना. मग त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. माझाच आवाज, छान, घरंगळत जाणारा, आणि जिथे जिथे 'प' नाहीतर 'ब' छापला होता तिथे तिथे मी भलताच शब्द वाचत होते. अर्थ तोच. शब्द माझा. आणि शप्पथ सांगते, मला पत्ताही नव्हता! आठ वर्षांची सवय. डोळे एक वाचतात आणि तोंड आपलं आपण वळून जातं.

"सहाच्या सहा अर्थाने बरोबर आहेत," सर म्हणाले. "दोन तर मूळ शब्दांपेक्षा चांगले आहेत. मी असतो तर मला सुचले नसते." वर टोमणा! मी तोंड फिरवलं. मग ते म्हणाले, "पण वाचनाचे गुण छापलेल्या शब्दाला असतात. मी तुला इथे देऊ शकत नाही."

"गप्पांचे?"

"पैकीच्या पैकी."

हात्तिच्या. म्हणजे जे मला येतं त्यात मी पहिली, आणि जे माकडालाही यावं त्यात मी भोपळा.

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडले. ओरडताना कधी अडखळत नाही मी. हे कुणीतरी बोर्डाला कळवा.

२७ डिसेंबर

नाताळ झाला. सगळे नातेवाईक माझी वाक्यं पूर्ण करून करून दमले. लिहिण्यासारखं काही नाही.

१४ जानेवारी

नवीन नियम, माझा मीच केलेला. वळायचं नाही. छापलाय तो शब्द म्हणायचा, मग कितीही वेळ लागो. सरांनी दुपारच्या सुट्टीत सराव घ्यायचं कबूल केलंय. ते त्या वेळात आपलं सँडविच खातात, रोज अंड्याचं, आणि अख्ख्या स्पॅनिश खोलीला तो वास.

आज पहिला दिवस. दुसऱ्याच ओळीत 'प' आला. मी थांबले. मनात वळायची इतकी उबळ आली की काय सांगू, शिंक दाबावी तशी मी ती दाबली. ओठ मिटलेले, छाती दगड झालेली, पण मी त्या शब्दावरून हलले नाही. आणि तो येणार होता. मला कळतं तो केव्हा येणार ते, आत काहीतरी सैल व्हायला लागतं.

आणि सर तो शब्द म्हणाले! अगदी प्रेमाने. तोंडात सँडविच.

मी पुस्तक आपटलं. "तो माझा होता!" असं म्हणायचं होतं, त्यातलं "तो" आलं, बाकीचं दारातून बाहेर पडल्यावर कॉरिडॉरमध्ये आलं.

१५ जानेवारी

आज सर स्वतः आमच्या जेवणाच्या टेबलापाशी आले. अबीरच्या समोर. म्हणाले, "चूक झाली. मला राहवलं नाही. परीक्षेत मी असं केलं असतं तर त्या शब्दाचे तुझे गुण गेले असते, आणि माझी चौकशी झाली असती." आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना बोर्ड जी सूचनापत्रिका पाठवतं ती त्यांनी माझ्या चिप्सशेजारी ठेवली. "वाच. यातले नियम माझ्यासाठी आहेत."

मी वाचलं. परीक्षार्थी अडल्यास शिक्षकाने शब्द पुरवू नये. उच्चार दुरुस्त करू नये. मान हलवून, ओठ हलवून किंवा हाताने सुचवू नये. वेळ संपेपर्यंत वाट पाहावी.

मी परत वाचलं. मग अबीरला वाचायला दिलं.

"बरं मग?" ती म्हणाली.

बरं मग काय, बाई! अख्ख्या इंग्लंडात अशी एक खोली आहे जिथे माझा शब्द माझ्या तोंडून काढून घ्यायला कायद्याने बंदी आहे. आई नाही घेऊ शकत, मिसेस क्रॅम्प्टन नाही, बसचा ड्रायव्हर नाही, खुद्द सर नाहीत. सगळ्यांनी गप्प बसून वाट बघायची. असं आजवर माझ्या आयुष्यात एकदाही झालेलं नाही. आणि ही माणसं मला त्याच खोलीत जाण्यापासून सूट देतायत!

सूट तुम्हालाच लखलाभ. मी जाणार.

२१ जानेवारी

आता खरी गंमत. मला सराव हवाय तो बोलण्याचा, आणि सरांना हवाय तो गप्प बसण्याचा. आणि त्या दोघांत ढ कोण, तर सर.

आज मी अडले तेव्हा ते बोलले नाहीत, पण ओठ हलवले. मी म्हटलं, ओठ. मग त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मान. मग ते इतके पुढे वाकले की खुर्ची करकरली. शेवटी मी त्यांना हातांवर बसायला लावलं. स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली घालून अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस बसला होता, शिक्षा झालेल्या बालवाडीतल्या पोरासारखा.

"हे किती कठीण आहे तुला कल्पना नाही," ते म्हणाले.

"मला?" मी म्हटलं.

मग त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "शांतता सोसत नाही गं मला. घरी तेवढंच तर असतं हल्ली."

मी म्हटलं, मग टीव्ही लावत जा. यावर ते काही बोलले नाहीत. बघा, जमतं त्यांना मनात आणलं की.

२६ जानेवारी

अबीरला सांगितलं की आजपासून माझी वाक्यं संपवायची नाहीत.

तिने कपाळावर हात मारला. "पाच वर्षांची असल्यापासून तुझी वाक्यं फुकटात संपवतेय, आणि आज नोकरीवरून काढतेस? नोटीस नाही, काही नाही?"

"नाही."

"बरोबर संपवायचे की नाही मी, ते सांग."

निम्मी चुकीची असायची. तिला आजवर सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तिला म्हटलं, चौथीत मी तुला म्हणणार होते की तुझ्या बाबांच्या दुकानातला कबाब मला आवडत नाही, तू वाक्य संपवलंस "आवडतो" म्हणून, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी मी तो कबाब खातेय.

ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग म्हणाली, "सगळी वाक्यं सांग. चुकलेली. एकेक करून. मी थांबते." आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर बसलो, आणि ती खरंच थांबली. दोन बोटी गेल्या, ती तशीच बसली होती. गार वाऱ्याने माझं नाक गळायला लागलं होतं, पण तिने रुमालही माझ्या आधी काढला नाही.

२ फेब्रुवारी

आईसोबत तळलेल्या माशांच्या दुकानात. मी तिला आधीच बजावलं होतं, ऑर्डर मी देणार. 

मागे रांग होती. दोन हॅडॉक, एक चिप्स, मटारचा लगदा. 'हॅडॉक' सुरळीत गेला. 'चिप्स' गेला. मटारापाशी, इंग्रजीत तो 'प'च, माझं घोडं पेंड खायला बसलं. काउंटरवरचा मुलगा तेलाकडे बघायला लागला. मागून कुणीतरी खोकलं. मी वळून बीन्स मागू शकले असते, पण तोही दुश्मनच, आणि मला बीन्स नको होते. मी थांबले आणि मटार मागितले.

मागे बघते तर आई नाही. दुकानाबाहेर पाठ करून उभी. तिला माझी लाज वाटली, दुसरं काय! बाहेर येऊन बघते तर डोळे लाल. म्हणाली, उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर. आभाळ सकाळपासून राखाडी होतं. निदान थाप तरी नीट मारावी.

मटारचा लगदा गार झाला होता. मी सगळा खाल्ला.

९ फेब्रुवारी

आज घरात जे झालं ते लिहून काढते.

मिसेस क्रॅम्प्टन मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत गं, सूट घ्यायचं ठरवलंत. आईचा फोन आला होता." मी तिथे उभीच राहिले. तोंड उघडलं तर एक अक्षर नाही. आणि त्या "अगं, समजतं मला" म्हणून माझा खांदा थोपटून गेल्या.

घरी आले. आई भांडी घासत होती. मी म्हटलं, "माझ्या वतीने हो म्हणालीस." हे वाक्य यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण तेवढ्यात ती तीनदा म्हणाली, "राणी, ऐक तर."

"तू ऐक!" मी म्हटलं.

मग ती रडायलाच लागली. "मला नाही बघवत. तू त्या मुलाच्या समोर उभी होतीस आणि मला वाटलं मी काउंटर ओलांडून जाईन. तू सात वर्षांची होतीस, आठवतं? नाताळचं नाटक, येशूच्या जन्माचं. धर्मशाळेच्या मालकाची तुझी एकच ओळ. 'आमच्याकडे जागा नाही.' अख्खा हॉल थांबला होता. तुझे बिचारीचे ओठ नुसते... मला राहवेना. मी उभी राहिले आणि ती ओळ म्हटली."

"मला आठवतं."

"मी तुला वाचवलं त्या दिवशी."

"आई," मी म्हटलं, "मी ती म्हणणारच होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातून साबणाचं पाणी फरशीवर टपटपत होतं.

मी म्हटलं, आली होती ती ओळ. तोंडाशी आली होती. अजून एक श्वास, बस्स. आणि तू उभी राहिलीस आणि सगळे हसले आणि टाळ्या तुला मिळाल्या. त्या दिवसापासून मी शब्द बदलायला लागले ते आजतागायत बदलतेय, कारण थांबले तर कुणीतरी माझं घेऊन जातं. मला त्या खोलीत जायचंय. तिथे तुला उभं राहता येणार नाही म्हणूनच जायचंय.

हे सगळं मी बोलले. एवढं लांबलचक मी तिच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. मध्ये तीनदा की चारदा पार अडले आणि प्रत्येक वेळी तिचे ओठ हलले, पण ती बोलली नाही. टॉवेल घट्ट धरून उभी होती.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "जेवायचं बघू." मग आम्ही टोस्ट खाल्ले. तिला काही कळलं असेल असं मला वाटत नाही.

१० फेब्रुवारी

आईने सकाळी आठला शाळेत फोन केला. मी दात घासत होते तरी ऐकू आलं. "नाही, मिसेस क्रॅम्प्टन. नाही. चूक माझी. ती परीक्षा देणार आहे." मग बराच वेळ पलीकडून बोलणं. मग आई: "तुमच्या आकड्यांचं तुम्ही बघा."

मी थुंकायची विसरले आणि पेस्ट गिळली.

१७ मार्च

मला जादा वेळ मंजूर झालाय. मिसेस क्रॅम्प्टननीच अर्ज केला होता, आणि नीट केला होता, हेही लिहायला हवं. पण एकदा ध्वनिमुद्रण सुरू झालं की मध्ये थांबवायचं नाही. म्हणजे मी अडले तर बोर्डात बसलेल्या त्या अनोळखी परीक्षकाला माझी शांतता सबंध ऐकावी लागणार. ऐकू दे. पगार घेतो ना!

सर आता बऱ्यापैकी बसतात. परवा मी इतकी अडले की शाळेची घंटा होऊन गेली आणि ते हलले नाहीत. शाबासकी म्हणून त्यांना बिस्किट दिलं.

२८ एप्रिल

उद्या. तोंडी परीक्षा. मी घाबरलेली नाही असं लिहिणार होते, पण ही माझी वही आहे. घाबरलेय. एकच भीती आहे: की तोंड आपलं आपण वळून जाईल आणि मला कळणारही नाही.

२९ एप्रिल

तयारीच्या खोलीत कागद मिळाला. लिहिता येतं, पण मोठ्याने वाचून बघायला मनाई, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. उताऱ्याची पहिलीच ओळ: माझं गाव लहान आहे. स्पॅनिशमध्ये 'पुएब्लो' आणि 'पेकेन्यो'. गावाचा 'प' आणि लहानाचा 'प', पाठोपाठ. काढणारा माणूस कुठेतरी बसून हसत असणार. गावाला दुसरे दोन शब्द मला येतात, लहानाला तीन. सगळे डोक्यात धावत आले, मला घे, मला घे. मी पेन्सिलीने त्या दोन 'प'खाली इतकी जाड रेघ मारली की कागद फाटला.

मग ती खोली. टेबल, मशीन, सर. सरांनी माझं नाव आणि क्रमांक मशीनला सांगितला, बटण दाबलं, आणि हात मांड्यांखाली घातले. सूट घातला होता आज. अंड्याचा वास नव्हता.

पहिला शब्द गेला. 'पुएब्लो'चे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले.

मी तिथे उभी राहिले. म्हणजे बसलेच होते, पण आत उभी राहिले. वळायची वाट डाव्या हाताला उघडी होती, इतकी सोपी, इतकी ओळखीची. मशीनचा लाल दिवा. बाहेर मैदानात कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं. छाती दगड. आणि मी बघितलं तर सरांचं तोंड हळूहळू उघडत होतं. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. सगळा सराव पाण्यात जाणार होता.

मी हात वर केला. तळवा त्यांच्याकडे. थांबा.

त्यांनी तोंड मिटलं.

आणि तो शब्द आला. माझा. छापलेला. मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने. मग लगेच 'पेकेन्यो'पाशी पुन्हा अडले आणि तोही आणला. तिसऱ्या ओळीत एका साध्यासुध्या शब्दाने दगा दिला, ज्याच्याशी माझं कधी वैर नव्हतं. त्याचीही वाट बघितली. शेवटच्या ओळीपर्यंत मी एकही शब्द बदलला नाही. माझ्या मानेवरून घाम उतरत होता आणि मला हसू येत होतं.

गप्पांच्या भागात सरांनी छापील प्रश्न विचारला: तुझ्या गावात तुला काय बदलावंसं वाटतं? मी म्हटलं, लोकांनी थांबायला शिकावं. आणि मग मला जे शब्द हवे होते ते मी घेतले, सोपे नव्हेत, हवे होते ते. यादीबाहेरचेही. यादी गेली खड्ड्यात.

मशीन बंद झालं. मी विचारलं, "कसं झालं?"

सर म्हणाले, "मला बोलायची परवानगी नाही." त्यांचा आवाज घोगरा झाला होता, सर्दी झालीय वाटतं.

"मग नका बोलू," मी म्हटलं. "आता जमतंय तुम्हाला."

गुणांचा जो आकडा ऑगस्टमध्ये यायचा तो येवो.

तिथून थेट आईच्या सलूनमध्ये गेले. खुर्चीत मिसेस डॉबसन होत्या, डोक्यावर रंग लावलेला आणि चांदीचे कागद गुंडाळलेले. आई घड्याळ बघत कंगवा पुसत होती. मला दारात बघून तिच्या भुवया तेवढ्या वर गेल्या.

मिसेस डॉबसननी आरशातून विचारलं, "आलीस का गं! कसा गेला पेपर?"

मी तोंड उघडलं आणि अडले.

"अवघड होता का, बाई?" त्या म्हणाल्या. "जाऊ दे गं, एवढं मनाला नाही ला—"

"थांबा," आई म्हणाली. "ती बोलतेय."

सलूनमध्ये रेडिओ चालू होता. आईने तो बंद केला. बाजूच्या स्टुलावर बसली, कंगवा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. तयारीची खोली, फाटलेला कागद, दोन 'प', सरांचं तोंड, माझा हात. बरंच अडले, बराच वेळ लागला, आणि मी एकही गोष्ट गाळली नाही. मध्ये एकदा मिसेस डॉबसननी डोक्याकडे बोट केलं, तर आईने नुसता हात वर केला.

त्यांचे केस गाजरासारखे झाले. त्या जाम चिडल्या, आईला म्हणाल्या, "लॉरेन, तुला वेळेकडे लक्ष द्यायला काय झालं होतं?"

आई म्हणाली, "तिचं बोलून व्हायचं होतं."